गार्डसाहेबांच्या दोन झेंड्या

"तिला का? मला का नाही?"

मी विचारलं तेव्हा गार्डसाहेब चिंचोके पुसत होते. एकेक चिंचोका रुमालात धरायचा, पुसायचा, डब्यात टाकायचा.

"अकरा वर्षं मी येते. एक रविवार चुकला नाही. तिला येऊन वर्ष नाही झालं."

चिंचोका. रुमाल. डबा.

"आणि ती हरते. दर रविवारी हरते. हरणारीच्या हाती पट देणार तुम्ही?"

"हो," ते म्हणाले.

एवढंच.

पट म्हणजे काय ते आधी सांगते. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, दोन म्हातारी माणसं सोंगट्यांवरून भांडतायत.

प्लायवुडची तीन हात लांब फळी. तिच्यावर मधाच्या पोळ्यासारखी सहाकोनी घरं आखलेली. घरांत गावं... सोलापूर, होटगी, कुर्डुवाडी, लातूर, वाडी, विजापूर, गदग. साहेब नोकरीत असताना फर्स्ट क्लासच्या डब्यात कुणी परदेशी पाहुणा एक खेळ विसरून गेला. साहेबांनी तो नियमाप्रमाणे जमा केला. पण जमा करायच्या आधी वाडीच्या रनिंग रूममध्ये, गार्ड-ड्रायव्हरांच्या विसाव्याच्या खोलीत बसून सगळाच्या सगळा उतरून घेतला. गावं तेवढी आपली घातली.

खेळ रेल्वे कंपन्यांचा. पाच कंपन्या, पाच रंग. जुनी पुठ्ठ्याची तिकिटं रंगवलेली, ते कंपन्यांचे शेअर. ज्याच्याकडे एखाद्या कंपनीची तिकिटं सगळ्यांत जास्त, तो तिचा शेठ. शेठनं रूळ टाकायचे, इंजिनं घ्यायची, गावं जोडायची. चिंचोके म्हणजे पैसे. स्वतःचे चिंचोके बटव्यात, कंपनीचे काड्यापेटीत. कमाई झाली की शेठनं ठरवायचं, तिकिटंवाल्यांना वाटायची की काड्यापेटीत ठेवायची. भलेभले इथे चुकतात. वाटलेलं गोड लागतं.

आणि खरी मेख इंजिनात. इंजिनं पत्र्याची. आधी दोन गावं धावणारी, स्वस्त. मग तीन गावांची. मग कुणीतरी पहिलं चार गावांचं इंजिन घेतं, आणि त्याच क्षणी पटावरची सगळी दोन गावांची इंजिनं भंगारात जातात. कुणाचीही असोत. ज्याच्याकडे इंजिन उरलं नाही आणि काड्यापेटी रिकामी, त्या शेठनं आपल्या बटव्यातून नवं घ्यायचं. बटव्यातही नसलं तर दिवाळं. खेळ तिथंच मोडतो.

हा खेळ मला कुणी शिकवला नाही.

मी चौथी शिकलेली बाई. बघून बघून शिकले. पहिले सात रविवार हरले, आठव्याला जिंकले, आणि त्यानंतर रेल्वे वसाहतीत मला कुणी सहजासहजी हरवलेलं नाही. हे मी सगळ्यांना सांगते. गार्डसाहेबांच्या तोंडावरही सांगते. ते मान हलवतात.

आता त्यांची नजर जवळजवळ गेली आहे. दसरा झाला की ते लेकीकडे सिकंदराबादला जाणार, कायमचे. पट इथंच राहणार. ज्याच्या घरी पट, त्यानं नव्या माणसांना शिकवायचं, असं ते म्हणाले. आणि म्हणाले, अंबिकाच्या घरी.

अंबिका येमुल. चाळिशीची असेल. कारखान्यातून चादरींचे गठ्ठे घरी आणते आणि त्यांच्या दशा वळते. पटावर बसते तेव्हाही मांडीवर चादर, बोटांत दशा. समोर नवा माणूस घाम पुसत बसलेला, आणि हिची बोटं आपली चादरीच्या काठावर. दोन धागे, पीळ, गाठ. दोन धागे, पीळ, गाठ. ह्याला शिकवणं म्हणतात?

शिवाय ती आणि गार्डसाहेब मधूनच तेलुगूत काहीतरी बोलतात. आणि हसतात.

काय हसता, म्हणून मी विचारत नाही. विचारणारही नाही.

ती पाटी घेऊन शाळेत जात होती तेव्हा मी होटगीकडच्या रेल्वे फाटकावर होते. नवरा गेला, त्याच्या जागी लागले. बावीस वर्षं. गाडी आली की झेंडी घेऊन उभी राहायचे. इंजिन जायचं, डबे जायचे, आणि शेवटच्या डब्याच्या दारातून गार्डसाहेब त्यांची झेंडी दाखवत जायचे. कधी एक शब्द नाही. त्यांची झेंडी आणि माझी झेंडी. त्या बावीस वर्षांवर तरी कुणा अंबिकेचा हक्क नाही.

त्या झेंड्या अजून त्यांच्याकडे आहेत. एक लाल, एक हिरवी. नव्या माणसाला शिकवायला बसले की दोन्ही हातांत दोन झेंड्या धरून बसतात. म्हाताऱ्याची सवय, मी म्हणायचे.

तर त्या दिवशी मी हटले नाही.

"मला एक रविवार द्या. एक नवा माणूस तिला, एक मला. मग बघू."

"काय बघायचं?"

"कुणाचा माणूस जिंकतो ते!"

त्यांनी शेवटचा चिंचोका डब्यात टाकला. डबा हलवून पाहिला.

"बरं," म्हणाले.

पुढच्या रविवारी दुपारी रेल्वे क्लबच्या व्हरांड्यात दोन नवी माणसं बसली होती. शहाजी, एसटीतला कंडक्टर. आणि निगार मुल्ला, औषधांच्या दुकानात काम करणारी, हुशार डोळ्यांची.

निगार मी घेतली. आधी मीच निवडणार, हे मी सांगून टाकलं होतं. शिकवणाऱ्यानं खेळायचं नाही असं काही नव्हतं, पण मी खेळले नाही. सगळा जीव निगारवर लावला.

तासभर नियम सांगितले. एक सोडला नाही. मग खेळ सुरू झाला.

"हिरव्या कंपनीची तिकिटं घे."

"निळी घेऊ का, आक्का? निळी सोलापुरातून निघते."

"हिरवी घे."

"का पण?"

"मी सांगते म्हणून."

तिनं हिरवी घेतली. रूळ ती चुकीच्या तोंडानं ठेवायला लागली, मी हात पुढे केला आणि फिरवून ठेवला. चिंचोके मी मोजले. दुसऱ्या फेरीपासून ती विचारायचीच थांबली. नुसती माझ्याकडे बघायची आणि मी बोट दाखवीन ते उचलायची. मला वाटलं, काय पटकन शिकली!

पलीकडे शहाजी.

"ताई, हे दोन गावांचं इंजिन घेऊ का अजून एक?"

अंबिका दशा वळत होती. "घ्यावंसं वाटतंय?"

"स्वस्त आहे की वो."

"स्वस्त आहे," ती म्हणाली.

घेतलं त्यानं. तिसरं. काड्यापेटी रिकामी करून घेतलं. मला हसू आवरेना. चार गावांचं इंजिन यायला दोन चाली उरलेल्या, आणि ही बाई गाठी मारतेय!

मी निगारला बोट दाखवलं. निगारनं चार गावांचं इंजिन घेतलं. शहाजीची तिन्ही इंजिनं गार्डसाहेबांनी अलगद उचलली आणि भंगाराच्या वाटीत टाकली.

"अरे!" शहाजी म्हणाला. "अरे, अरे! माझी इंजिनं?"

"गेली," मी म्हणाले.

"आता?"

"आता बटवा उघडा."

बटव्यात काय होतं? चार चिंचोके. दिवाळं.

निगार जिंकली. मी गार्डसाहेबांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते, जसा काही पुसल्यानं दिसणार होतं.

"बघितलंत?"

"बघितलं."

"मग?"

"पुढच्या रविवारी बोलू."

अंबिका त्यांच्या कानाशी तेलुगूत काहीतरी म्हणाली. ते हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हरली ती, आणि हसतंय कोण!

पुढचा रविवार आला. सगळ्यांत आधी शहाजी आला, धापा टाकत. हातात वही. वहीत पट काढलेला, वेडावाकडा, पण सगळी गावं जागच्या जागी. बरोबर एक शेजारी. बिराजदार, हायस्कुलात गणिताचा मास्तर.

"साहेब, आठवडाभर डोक्यातनं गेलं नाही वो," शहाजी म्हणाला. "ड्यूटीवर तिकिटं फाडताना पण हेच. मी कुठं माती खाल्ली ते सापडलं मला!"

अंबिकानं मान वर केली. "कुठं?"

"तिसऱ्या इंजिनाला. तुम्ही बघत होता की!"

"बघत होते," ती म्हणाली.

निगार आली नव्हती.

"येईल," मी म्हणाले. "दुकानात गर्दी असेल."

गार्डसाहेबांनी चिंचोके वाटायला घेतले.

खरं म्हणजे मला माहीत होतं. गुरुवारी मी गुडघ्याचं मलम आणायला तिच्या दुकानात गेले होते. रविवारी वेळेवर ये म्हटलं. तिनं मलम पिशवीत घातलं, सुटे पैसे दिले आणि म्हणाली, "आक्का, राग नका मानू. जिंकलात तुम्ही. मी नुसती तिकिटं धरून बसले होते."

मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशीही सांगितलं नाही.

"बिराजदारांना अंबिकाताईंकडे बसवा साहेब," शहाजी म्हणाला. "झकास शिकवतात."

झकास! एक अक्षर न सांगता जिनं ह्याचं दिवाळं निघू दिलं, तिला हा म्हणतो झकास.

"का?" मी म्हणाले. "मी मेलेय का?"

अंबिकाची बोटंसुद्धा थांबली.

"बसा," गार्डसाहेब मला म्हणाले. "बिराजदार तुमचे."

मी बाही सारली आणि फळी जवळ ओढली.

"थांबा."

त्यांनी मांडीवरच्या दोन झेंड्या उचलल्या. चाचपडत माझा डावा हात शोधला, त्यात लाल दिली. उजव्यात हिरवी. आणि त्यांच्या बोटांनी माझी बोटं काठ्यांवर मिटवली.

"खेळ संपेपर्यंत खाली ठेवायच्या नाहीत."

"मग मी शिकवणार कशी?"

"त्यांनी नियम विचारला तर नियम सांगा."

"आणि चाल विचारली तर?"

"झेंडी."

"हे काय शिकवणं झालं?" माझा आवाज चढला. "माणूस डोळ्यांदेखत बुडतोय, आणि मी झेंडी हलवू?"

"फाटकावर गाडी आली की काय करायचात, हौसाबाई?"

"झेंडी दाखवायचे."

"आणि?"

"आणि काय? उभी राहायचे."

"ढकलायचात?"

...

गणिताचा मास्तर दोघांकडे आळीपाळीनं बघत होता. त्याला वाटलं असेल, आपण वेड्यांच्या घरी आलो.

खेळ सुरू झाला. बिराजदार, शहाजी, अंबिका आणि गार्डसाहेब. मी बिराजदारच्या मागे, दोन हातांत दोन झेंड्या.

मास्तर हुशार होता आणि ते त्याला माहीत होतं. नियम एकदाच विचारायचा, भराभरा. मी सांगायचे, तेवढंच. पुढचं वाक्य जिभेवर यायचं, ते गिळायचे.

"म्हणजे हे शेकडेवारीचंच गणित की," तो म्हणाला. "सोपं आहे."

लाल कंपनी घेतली त्यानं. दोन गावांची इंजिनं घेतली. एक, दोन, तीन. तेच. शहाजीनं केलं होतं तेच, अगदी त्याच क्रमानं!

माझा उजवा हात आपोआप पटाकडे गेला. हिरव्या झेंडीची काठी कुर्डुवाडीवर आपटली आणि दोन रूळ उडाले.

"आक्का," अंबिका मान वर न करता म्हणाली, "थोड्या दशा देऊ का वळायला?"

"मला नकोत तुझ्या दशा!"

"मी उगाच आणते होय इथं?" ती म्हणाली. "हात मोकळे राहिले की माझेही तिकडंच धावतात."

मी तिच्या बोटांकडे पाहिलं. दोन धागे, पीळ, गाठ. ज्या गाठी ती मारत होती त्या इतक्या घट्ट होत्या की शेवटच्या चार तर कापूनच काढाव्या लागल्या असत्या.

मला ते बघायचं नव्हतं. मी पटाकडे पाहिलं.

लाल कंपनीची कमाई झाली. बिराजदारनं ती सगळी वाटून टाकली. त्याच्याकडेच तिकिटं जास्त, त्यामुळे त्याच्याच बटव्यात आली. त्या चिंचोक्यांची त्यानं लगेच आणखी तिकिटं घेतली. पुढच्या फेरीत पुन्हा तेच. काड्यापेटीत एक चिंचोका नाही. बटव्यात तीन. आणि समोर शहाजी, काड्यापेटी भरून फुगलेली, वहीवर हात ठेवून गप्प बसलेला. त्याच्या गप्प बसण्यावरूनच कुणालाही कळलं असतं.

तिसऱ्यांदा कमाई आली. बिराजदार वाटायला लागला.

मी लाल झेंडी वर केली.

तो मागे वळला. "काय झालं?"

मी गप्प.

"लाल का?"

गप्प.

"नियमाविरुद्ध आहे का काही?"

"नाही," मी म्हणाले. नियम विचारला होता, सांगणं भाग होतं.

"मग?"

...

त्यानं पट पाहिला. गावं पाहिली, रूळ पाहिले, स्वतःची तिकिटं पाहिली. काड्यापेटीकडे पाहिलं नाही. माझ्या घशात ती काड्यापेटी अडकली होती. तीन शब्द पुरेसे होते. पेटी भर, मास्तर! तीन शब्दांत तो वाचला असता, कदाचित जिंकलाही असता, आणि मग मी अंबिकाकडे एकदा वळून बघितलं असतं.

लाल झेंडीचा हात दुखायला लागला.

"कळेना बुवा," बिराजदार म्हणाला. "आक्का, घाबरवायलाच ठेवलंय का तुम्हाला इथं? मी वाटतोय."

मी गार्डसाहेबांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच तोंड करून बसले होते. त्यांना माझा चेहरा दिसत नाही, मला ठाऊक आहे. पण लाल रंग त्यांना अजून दिसतो.

शेवटच्या डब्याच्या दारात उभे असायचे तसेच बसले होते.

मी लाल खाली घेतली. हिरवी वर केली.

बिराजदारनं वाटलं. शहाजीनं चार गावांचं इंजिन घेतलं. गार्डसाहेबांनी हात लांब केला, चाचपडून लाल कंपनीची तिन्ही इंजिनं उचलली आणि वाटीत टाकली. टण. टण. टण.

अंबिकाच्या शिष्यानं माझ्या शिष्याचं दिवाळं काढलं. माझ्या डोळ्यांदेखत, आणि मीच हिरवी दाखवली.

"अरे!" बिराजदार म्हणाला.

बटवा उलटा केला. तीन चिंचोके.

"अरे, पण..."

तो बराच वेळ पटाकडे बघत राहिला. शहाजीनं काहीतरी सांगायला तोंड उघडलं, बिराजदारनं हात वर करून त्याला गप्प केलं. मग एकेक चाल मागे घेत गेला, बोटांवर मोजत. इंजिन. तिकिटं. वाटप. इंजिन. तिकिटं. वाटप... त्याचं बोट रिकाम्या काड्यापेटीवर येऊन थांबलं. त्यानं ती उचलली, कानाशी हलवली. काही वाजलं नाही.

आणि मास्तर हसायला लागला. पोट धरून. मी कुणाला दिवाळं निघाल्यावर असं हसताना पाहिलं नव्हतं.

"ही पेटी!" तो म्हणाला. "पोरांना रोज सांगतो, हातचा विसरू नका. मीच विसरलो!"

"लाल तिथंच दाखवली होती," मी म्हणाले. खेळ संपला होता, आता बोलायला हरकत नव्हती.

"दाखवली होती काय? असेल. माझं लक्ष नव्हतं."

लक्ष नव्हतं!

चपला घालताना तो शहाजीच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "पुढच्या रविवारी बघ तुझी काय गत करतो. आणि एक सांगू? सांगून सवरून हा खेळ कुणी शिकवूच शकत नाही. मला आज कुणी शिकवलं? आक्का आपल्या झेंड्या धरून बसल्या होत्या. माझं मीच शिकलो की!"

दोघं हसत क्लबच्या फाटकाकडे गेले. वळणापर्यंत मास्तरचा आवाज येत होता. काड्यापेटी, काड्यापेटी.

अंबिकानं तिकिटं रंगवार लावली. रूळ पिशवीत भरले. मग मांडीवरची चादर झटकली, तिच्यात पट गुंडाळला आणि दशांच्याच गाठी मारून बांधला. तो तिच्याच घरी जाणार, हे दिसत होतं. पट खाकेत मारून ती उठली, गार्डसाहेबांशी तेलुगूत काहीतरी बोलली, आणि जाताना माझ्या खांद्याला नुसता हात लावून गेली.

मी झेंड्या गार्डसाहेबांपुढे धरल्या.

त्यांनी घेतल्या नाहीत.

"धरा की," मी म्हणाले. "खेळ संपला."

ते चिंचोके पुसायला लागले होते.

"ऐकलंत ना काय म्हणाला तो?" मला राहवेना. "चार तास माझा जीव टांगणीला. ओठ चावून चावून रक्त आलं. खांदा उतरला माझा त्या लाल झेंडीनं. आणि वर म्हणतो, मला कुणी शिकवलं नाही, माझं मीच शिकलो! लाज नाही वाटत माणसाला?"

चिंचोका. रुमाल. डबा.

"बोला की साहेब. असं म्हणतात का कुणी?"

त्यांचा हात डब्यावर थांबला.

"अकरा वर्षं हेच ऐकतोय मी, हौसाबाई."